उंबराखालचं पाणी

जयसिंग आबांच्या तळहातावर नारळ उभा राहतो, हे सूस गावात शाळेच्या मास्तरांनासुद्धा मान्य होतं. मास्तर वर्गात पोरांना ही अंधश्रद्धा आहे म्हणून सांगायचे आणि स्वतःच्या घरामागे बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा सकाळी सकाळीच आबांच्या ओट्यावर येऊन बसले. आबांनी त्यांना चहा पाजला, नारळ घेतला, अनवाणी चालून जागा दाखवली आणि पाणी लागलं. रिहे गावापासून महाळुंग्यापर्यंत अशा कितीतरी जागा आबांनी दाखवल्या होत्या. नारळ ही नुसती लोकांच्या समाधानाची गोष्ट, हे त्यांना आतून ठाऊक होतं. खरं बघायचं ते झाड, गवत आणि वारुळं. भर उन्हाळ्यात हरळी हिरवी दिसली, उंबराला लाल कोंब फुटले, की खाली पाणी आहे. जमीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं ते म्हणायचे. आणि जमिनी विकताना माणसं काय काय बोलतात, ते साऱ्या गावाने पाहिलेलंच होतं.

त्यांची स्वतःचीही विकली गेली होती. भाताची खाचरं होती तिथे आता निळ्या फरशीचा पोहायचा तलाव आहे, आणि आबांना तिकडून जायचं झालं तर कुणाकडे जायचंय ते आधी वॉचमनला सांगावं लागतं. उरलं होतं ते एवढंच: रस्त्याच्या कडेला दुमजली बिल्डिंग आणि मागे थोडं परडं. खाली एका टोकाला आबा आणि लीलाबाई राहायचे, बाकीच्या खोल्यांत भाडेकरू. एकुलता एक मुलगा शेखर शेजारच्याच एका सोसायटीत अगदी वरच्या मजल्यावर राहायचा आणि जमिनीची दलाली करायचा. बापाची ही शेवटची जागा बिल्डरला द्यावी, असा त्याने धोशा लावला होता.

गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला आला आणि पानावर बसल्या बसल्या त्याने पुन्हा तोच विषय काढला.

"आबा, ह्या डबड्यात काय ठिवलंय? रोज कुणाचा नळ गळतोय, कुणाची लाइट जातीय. ह्या वयात पाना-पकड घेऊन फिरताय. लोक मला हसत्यात."

"हसू दी. मान्सं ऱ्हात्यात हितं. मान्सं हायेत तवर मी सही करणार न्हाई."

"आन् मान्सं गेली तर?"

आबा ताटावरून उठले, हात धुतले आणि देव्हाऱ्यातला भंडारा चिमटीत उचलून म्हणाले, "बिल्डिंग रिकामी झाली तर त्या दिवशी सही. हा बग, भंडारा उचलला."

लीलाबाईंच्या हातातली वाटी कलंडली. "अवं, देवाला कशापायी मधी घालताय?" पण बोलून झालं होतं. भंडारा उचलून दिलेला शब्द त्या घरात कुणी मोडला नव्हता. शेखर गालात हसला आणि गुमान जेवला. त्याला भाडेकरू ही जात चांगली ठाऊक होती.

आता आबांना एकच ध्यास लागला. एकही खोली रिकामी राहता कामा नये. पण आजकालच्या भाडेकरूंना ओट्यावरचा वारा आणि मालकिणीने दिलेली आमटी पुरत नाही. येतात, खोली बघतात, छान आहे म्हणतात आणि विचारतात, "अटॅच आहे ना?" अटॅच नव्हतं. प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामायिक मोरी आणि संडास होता. आबांनी राजू प्लंबरला बोलावलं. हिवाळाभर ठोकाठोक चालली. सामायिक संडास पाडले, प्रत्येक खोलीत स्वतंत्र बाथरूम आलं, कमोड आले, गीझर आले, लाइटचे मीटर वेगळे झाले आणि कुणाचा फ्रीज किती वीज खातो यावरून बायकांची जी रोजची खडाजंगी चालायची ती बंद पडली. लीलाबाईंना ती बंद पडल्याचं थोडं वाईटच वाटलं.

काम संपवून निघताना राजू म्हणाला, "आबा, मागचा शोषखड्डा आता लहान पडंल. एवढ्या संडासांचं पाणी त्यात न्हाई मावायचं. नवीन टाकी बांदून घ्या."

"माझी जमीन लई पिती," आबा म्हणाले. "भाताचं पाणी पिऊन जिरवायची, हे तर काय!"

राजूने खांदे उडवले. मालकाला दोनदा सांगायची त्याची पद्धत नव्हती.

बिल्डिंग भरली. वर वेदांत आणि त्याची बायको अनुष्का आले, दोघेही लॅपटॉपला चिकटलेले. आबांच्या शेजारच्या खोलीत किशोर आणि सायली आले, लातूरकडचे. किशोर हिंजवडीला जायचा, सायली घरून काम करायची, आणि तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. संध्याकाळी काम आटपलं की ती ओट्यावर येऊन बसायची. हे कसलं झाड, ते कसलं गवत, विचारत राहायची. आबांना इतक्या वर्षांत कुणी एवढं विचारलं नव्हतं. शेखरने तर नाहीच. "आबा, तुम्ही आमच्या गावाला का नाही जन्मलात? आम्ही घागरी घेऊन रांगेत मोठे झालो," ती म्हणायची, आणि म्हाताऱ्याची छाती फुगायची. लीलाबाई तिला डिंकाचे लाडू करून घालायच्या आणि पोट बघून मुलगी होणार असं ठासून सांगायच्या.

उन्हाळा लागला आणि पुढच्या अंगणातला बोअर आटला. मोटर लावली की नुसती हवा ओढून घरघरायची. गावाचा समावेश महापालिकेत झाला होता, पण नळाला पाणी कधी येईल हे विचारणाऱ्याला लोक खुळ्यात काढत. टँकर मागवावे तर ते आधी मोठ्या सोसायट्यांकडे वळायचे, एवढ्याशा बिल्डिंगसाठी कोण थांबणार? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी वरची टाकीही त्याच आठवड्यात फुटली. वेदांतने जिन्यात उभं राहून अगदी अदबीने सांगितलं, "काका, सॉरी, पण पाण्याचं काही झालं नाही तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." बाकीचेही माना डोलावत होते. त्या दिवशी शेखर आला, गच्चीवर जाऊन कोरडी टाकी बघून आला, आणि आईने केलेला चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नारळ काढला.

सगळे भाडेकरू गॅलरीत जमले. किशोरने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. आबा अनवाणी परड्यात उतरले, नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि सावकाश चालू लागले. खरं तर त्यांनी जागा आधीच हेरली होती. परड्याच्या उताराला, अगदी खालच्या कोपऱ्यात, मागे कधीतरी कुंपणात उगवलेला उंबर होता. इतकी वर्षं काटकुळा राहिलेला. या उन्हाळ्यात तो नुसता फोफावला होता. लाल कोंब फुटले होते, बुंध्याला उंबरं लगडली होती, आणि भोवती हरळी अशी हिरवीगार की डोळे निवावेत. उंबरापाशी नारळ उभा राहिला. वरून टाळ्या पडल्या.

लीलाबाईंनी तेवढी टाळी वाजवली नाही. "अवं," त्या हळूच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात मी गवऱ्या वाळवायची. तितं कदी ओल नव्हती."

"पाणी वाट बदलतंय," आबा म्हणाले. "झाड काय येडं हाय व्हय?"

बोअरची गाडी आली, परड्याची भिंत पाडून आत घेतली. पाणी इतक्या वर लागलं की गाडीवाला चकित झाला. आबांना त्याचं नवल वाटलं नाही, उलट मान ताठ झाली. पाणी निवळशंख होतं. त्यांनी ओंजळीत धरून पहिला घोट स्वतः घेतला, तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. लीलाबाईंनी बोअरच्या पाइपाला हळदकुंकू लावलं. त्या घराची एक रीत होती. नव्या पाण्याचा पहिला हंडा घरात घ्यायचा नाही, जवळपास जी कुणी पोटुशी असेल तिच्या दारात नेऊन ठेवायचा. पाण्याने आधी येणाऱ्या जिवाला भेटावं, म्हणजे ते आटत नाही. लीलाबाईंनी हंडा सायलीच्या दारात ठेवला. तिने वाकून दोघांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, पोटामुळे जमेना, तेव्हा सगळेच हसले.

किशोर मात्र चार बुकं शिकलेला. तो प्यायला विकतचे पाण्याचे जार आणायचा. आबांना जाता-येता तो निळा जार दिसायचा आणि डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं. एका संध्याकाळी किशोरने जपून विचारलं, "आबा, एकदा पाण्याचा रिपोर्ट करून घेऊया का? सायलीचं आहे म्हणून म्हणतो."

"रिपोर्ट? माझ्या पान्याचा?" आबा एवढंच बोलले. पण चेहरा असा पडला की सायलीला बघवेना.

"राहू दे रे," ती नवऱ्याला म्हणाली. "गावाकडे आपण काय रिपोर्ट करून पीत होतो?" दुसऱ्या दिवसापासून जार बंद झाला. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून तिने तो बंद केला, दुसरं काही कारण नव्हतं. आणि आबांनी ते पाहिलं, त्यांना कळलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. हे शेवटचं त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

तो उन्हाळा बिल्डिंगने थाटात काढला. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये लोक टँकरवरून हमरीतुमरीवर येत होते आणि इथे आबा पाइप घेऊन लीलाबाईंच्या जास्वंदीला पाणी घालत होते. शेखरचं येणं कमी झालं.

पावसाळ्यात अनुष्काला ताप आला. मळमळ, अन्नावरची वासना उडाली. बाहेरचं काहीबाही खाल्लं असेल, सगळे म्हणाले. मग वेदांतचे डोळे पिवळे झाले. मग वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या दोघांचे. लीलाबाई गावठी औषध देणाऱ्या बाईकडे सगळ्यांना घेऊन जायची तयारी करत होत्या, तेवढ्यात एका सकाळी सायली उठली ती उलट्या करतच. नखंसुद्धा पिवळी दिसत होती. सातवा सरून आठवा लागला होता. किशोरने तिला गाडीत घातलं आणि बाणेरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. गरोदरपणात ही कावीळ वाईट, असं त्यांनी किशोरला बाजूला घेऊन सांगितलं.

महापालिकेची माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने वरच्या मजल्यावरच्या संडासात पाण्यात हिरवी होणारी कसलीशी पूड ओतली आणि बादली बादली पाणी टाकलं. बोअर उद्यापर्यंत बंद ठेवा म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि मोटर चालू करायला सांगितली. आबा बादली घेऊन पाइपाखाली उभे राहिले. आधी आलं ते पाणी नेहमीसारखंच होतं. मग त्यात एक हिरवी झाक आली आणि बघता बघता बादली पोपटी झाली.

आबांनी वळून उंबराकडे पाहिलं, मग उतार चढून वरच्या अंगाच्या शोषखड्ड्याकडे पाहिलं. राजूचं बोलणं आठवलं. गवऱ्यांचा कोपरा आठवला. आठ बिऱ्हाडांची घाण हिवाळ्यापासून उतारावरून मुरत मुरत त्या कोपऱ्यात येत होती, उंबर तीच पिऊन माजला होता, आणि ज्याने जन्मभर झाडं वाचली त्याने ती खूण पाण्याची म्हणून वाचली होती. जमीन खोटं बोलली नव्हती. ओल आहे, एवढंच ती म्हणाली होती. कसली, ते तिला कुणी विचारलं नाही. एकाने विचारू का म्हटलं होतं, त्याला आबांनी तोंड पाडून गप्प केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तरी कुठला, तर नारळ उभा करणारा.

सगळ्यात वाईट म्हणजे आबांना आणि लीलाबाईंना काही झालं नाही. तेच पाणी दोघं पीत होते, पण ओढ्या-नाल्यांचं पाणी पिऊन मुरलेली ती जुनी शरीरं, त्यांच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. आबा रोज सकाळी आरशात डोळे ताणून बघायचे. पिवळेपणाचा मागमूस नसायचा. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण त्यांना त्याची लाज वाटायची.

मूल पोटातच गेलं. मुलगी होती.

सायली वाचली. पुष्कळ दिवसांनी तिला दवाखान्यातल्या साध्या खोलीत हलवलं तेव्हा लीलाबाई डबा घेऊन गेल्या आणि आबा मागोमाग गेले. दारातच थांबले. सायली भिंतीकडे तोंड करून निजली होती. किशोर उठून बाहेर आला. आबांनी त्याच्यापुढे हात जोडले. किशोरने ओरडावं, दोन ठेवून द्याव्यात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, "काका, तुम्ही येऊ नका. तिला त्रास होतो." आबा नाही, काका. एवढंच म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

लीलाबाई जिन्यात डबा मांडीवर घेऊन बसल्या. "पयला हंडा मीच नेला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं नेला." आबा त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी तो डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला.

एकेक करून सगळे गेले. सामान टेम्पोत चढताना आबा आत बसून राहायचे. सायली-किशोरचं सामान न्यायला लातूरहून तिचा भाऊ आला होता. त्याने पाळणा नेला नाही. लीलाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "टाकून द्या."

बिल्डिंग रिकामी झाली त्या दिवशी शेखर आला. कागद घेऊन आला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. बापाचा चेहरा बघून तो खाली मान घालून म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. आता नगं. वरीस जाऊ दी."

"भंडारा उचललाय," आबा म्हणाले. "आण कागद."

सही केली. म्हातारा-म्हातारी शेखरकडे वरच्या मजल्यावर राहायला गेली. निघायच्या आधी आबांनी स्वतःच्या हाताने मोटरची केबल तोडली, आणि शेखरकडून कबूल करून घेतलं की बोअर बुजवायला बिल्डरला सांगायचं. शेखरने फोनवर सांगितलंही. बुजवतो, म्हणाले. एवढं एक तरी झालं, आबांच्या मनात आलं. आता तिथे कुणी राहणार नाही, पिणार नाही. सगळं पाडतील, एकदाचं पाडतील. इतकी वर्षं ज्या जागेला जिवापाड धरून बसले, ती सपाट व्हायची ते आता वाट बघत होते.

पण पाडापाडीला परवानगी मिळायला वेळ होता. दिवाळीनंतर एका सकाळी आबा बाल्कनीत उभे होते. एवढ्या उंचीवरून खालचं सगळं काड्यापेट्यांसारखं दिसायचं, पण स्वतःची बिल्डिंग त्यांना बरोबर सापडायची. तिच्या गॅलरीत कपडे वाळत होते. दोन्ही मजल्यांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आबा लिफ्टने खाली आले आणि चपला न घालताच निघाले. शेजारच्या मोठ्या साइटवरच्या मजुरांची राहायची सोय बिल्डरने रिकाम्या बिल्डिंगमध्ये केली होती. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. पोरंबाळं, चुली, जिन्यात झोपलेले रातपाळीवाले. बिल्डिंग आबांच्या राज्यात कधी भरली नव्हती इतकी भरली होती. मागच्या परड्यातून मोटरचा आवाज येत होता. केबल नवी होती.

उंबराखाली बायकांनी हंड्यांची रांग लावली होती.

"ये पानी मत पिओ," आबा ओरडले. हिंदी त्यांना धड येत नव्हती. "गंदा है. संडास का है. बच्चा मर गया इधर."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक जण पदर सावरत पुढे आली. "बाबा, पीने का पानी तो कोई देता नहीं. टंकी का पानी सीमेंट के लिए है. हम क्या पिएँ?"

सुपरवायझर आला. तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आजोबा, साहेबांना कळवतो," म्हणाला. "पण तुम्ही असे आत येऊ नका. ही आता साइट आहे. तुम्हाला काही लागलं तर माझ्यावर येईल." आबा तिथूनच शेखरला फोन लावून बोलले. शेखर म्हणाला, "त्यांना पुन्यांदा सांगतो, आबा. पण ती जागा आता आपली न्हाई ना." महापालिकेच्या त्या माणसाचा फोन लागला, पण त्याची बदली झाली होती.

आबा उंबराच्या बुंध्याशी बसले. ऊन डोक्यावर आलं होतं. हंडे भरत होते, बायका ते उचलून जिना चढत होत्या. उठून प्रत्येकीच्या डोक्यावरचा हंडा पाडावा असं त्यांना वाटत होतं, पण मग त्या पिणार काय? जन्मभर जो दुसऱ्यांना पाणी दाखवत फिरला, त्याच्याकडे एवढ्या माणसांना द्यायला तांब्याभर पाणी नव्हतं.

मघाची ती बाई परत आली. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्याची तिला दया आली असावी. तिने लोटा भरून त्यांच्यापुढे धरला. आबांनी तो घेतला, हातात धरून बघत राहिले आणि सगळं पाणी मातीत ओतलं. म्हाताऱ्याला लोटा घाण दिसला असेल, असं तिला वाटलं. तिने त्यांच्या हातातून लोटा घेतला, पाइपाखाली धरून विसळला, पुन्हा काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे आणून धरला.